लाल ठिपक्यांची वही

एकदा एक पक्ष म्हातारा झाला. माणसाला आपले म्हातारपण आरशात दिसते. पक्षाला ते दिसायला निवडणूक यावी लागते.

नदीकाठच्या एका जुन्या नगरातली ही गोष्ट. पूर्वजांनी चांगले म्हणून जे हाती दिले ते मोडू नये, ही त्या पक्षाची शिकवण होती. सण वेळच्या वेळी व्हावेत, घाटाची डागडुजी व्हावी, वडीलधाऱ्यांचा शब्द मानावा, नवे आणायचे तर जुन्याला विचारून आणावे. शिकवण वाईट नव्हती. तिच्या बळावर चाळीस वर्षे नगराध्यक्ष त्याच पक्षाचा झाला. पण पुढे मते ओसरत गेली आणि गेल्या खेपेला तर दोनशे बारा मतांनी कशीबशी अब्रू वाचली. या खेपेला अर्ज भरायच्या आदल्या दिवशी दोन नगरसेवक पलीकडच्या पक्षात गेले. गर्दी दिसावी म्हणून खुर्च्या मांडणारेच सभेत खुर्च्यांवर बसू लागले.

उमेदवार होता विश्वंभर. वकिली करणारा, पंचेचाळिशीतला, सरळ मनाचा माणूस. ज्या गुरुजींनी या नगरात पक्षाचे रोपटे लावले, त्यांचा तो शिष्य. गुरुजींनी त्याला शाळेत इतिहास शिकवला आणि पुढे बोट धरून राजकारणात आणले. विश्वंभरला हरण्याचे भय नव्हते. वकिलाला हार काही नवी नसते. पण या वेळी पडलो तर कार्यालयाचे कुलूप उघडायलाही माणूस उरणार नाही, हे त्याला दिसत होते. गुरुजींनी उभे केले आणि विश्वंभरच्या हातून बुडाले, असे लोक म्हणतील, या एका विचाराने त्याची झोप उडाली होती.

मतदानाला आठ दिवस उरले असताना तो गुरुजींकडे गेला. गुरुजींनी शहाऐंशी वर्षे पार केली होती आणि राजकारण कधीच सोडले होते. विश्वंभरने सारी परिस्थिती सांगितली आणि शेवटच्या सभेत तुम्ही चार शब्द बोला, तुमच्या शब्दाला अजून मान आहे, अशी गळ घातली. गुरुजींनी ऐकून घेतले. मग ते म्हणाले, "कार्यालयातली वही घेऊन ये."

ती वही म्हणजे त्या पक्षाचे वेदवाक्य. नगरातले प्रत्येक घर तिच्यात नोंदलेले होते. घराच्या नावापुढे लाल पेन्सिलीचा ठिपका असेल तर ते घर आपले. निळी रेघ असेल तर ते काठावरचे, आणि काहीच नसेल तर ते परके. प्रचाराला निघायचे ते निळ्या रेघांच्या घरी. लाल ठिपक्याच्या घरी कुणी जात नसे. ते आपलेच आहेत, जातात कुठे, असे एक वाक्य कार्यालयात रूढ झाले होते, आणि नव्या कार्यकर्त्याला पहिल्या दिवशी तेच शिकवले जाई.

विश्वंभरने वही आणून पुढे ठेवली. गुरुजींनी चष्मा लावला, नातीच्या दप्तरातून खोडरबर मागवले आणि पहिल्या पानापासून लाल ठिपके खोडायला सुरुवात केली. एक पान झाले, दुसरे झाले. विश्वंभरला वाटले, थांबतील. ते थांबले नाहीत. एकही ठिपका सुटत नव्हता.

"गुरुजी, ही आपली घरं आहेत," विश्वंभर न राहवून म्हणाला. "हीच खोडली तर उरलं काय?"

गुरुजींनी खोडरबराची लाल भुकटी फुंकून टाकली आणि उद्या सकाळी न्यायला ये, आपल्याला एके ठिकाणी जायचे आहे, एवढेच सांगितले. पुसट झालेली वही घेऊन विश्वंभर कार्यालयात आला तेव्हा कार्यकर्त्यांनी कपाळावर हात मारला. साठी बुद्धी नाठी म्हणतात, इथे तर शहाऐंशी, असे एकजण कुजबुजला. विश्वंभरने त्याला गप्प केले खरे, पण त्याच्याही मनात तेच येऊन गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या वसाहतीत जायचे ठरलेले होते. तिथे तीनशे मते काठावर होती. गुरुजींनी मात्र रिक्षा तांबट आळीत वळवायला लावली आणि आळीच्या मध्यावरच्या एका घरासमोर उतरले. रघुनाथ तांबटाचे ते घर. रघुनाथने तीस वर्षे प्रत्येक मिरवणुकीत पक्षाचा झेंडा धरला होता. वहीत त्याच्या नावापुढे सर्वांत ठळक ठिपका होता.

दार रघुनाथच्या बायकोने उघडले. पांढऱ्या कपड्यांतली दोन माणसे दारात बघून ती घाबरली आणि तिने विचारले, "कोण गेलं?"

कुणी गेले नाही, असे विश्वंभरने सांगितले तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. तुम्ही लोक आमच्या आळीत येता ते कुणी वारल्यावरच, म्हणून विचारलं, असे ती अगदी सहज म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. तिने गूळ-पाणी पुढे ठेवले आणि गुरुजींच्या गुडघ्यांची चौकशी केली. बोलता बोलता कळले की रघुनाथ जाऊन तीन वर्षे झाली होती. त्या एका वेळी पक्षाकडून नुसता हार आला होता, माणूस आला नव्हता. तारीख ऐकली आणि विश्वंभरने हातातला गूळ खाली ठेवला. त्या दिवशी सारा पक्ष एका काठावरच्या बागायतदाराच्या मुलीच्या लग्नात होता. विश्वंभर स्वतः पंगतीत वाढत होता. तो बागायतदार आता पलीकडच्या पक्षाच्या उमेदवारांच्या यादीत होता.

नवरा गेल्यावर पेन्शनच्या अर्जासाठी तिने कचेरीत किती खेटे घातले, तेही तिने सांगितले. शेवटी पलीकडच्या पक्षाची एक मुलगी घरी आली आणि तिने तो अर्ज भरून दिला. त्यानंतर ती चार-पाच वेळा येऊन गेली.

"मग मत तिच्याच पक्षाला देणार असाल," विश्वंभर म्हणाला.

"ते अजून ठरवलं नाही. ह्यांनी जन्मभर तुमचा झेंडा धरला, हात सहजासहजी तिकडे वळत नाही." ती म्हणाली. "पण त्या पोरीला माझं नाव ठाऊक आहे. तुम्ही सांगा बरं, माझं नाव काय?"

विश्वंभरला वही आठवली. वहीत त्या घरापुढे अजून रघुनाथचेच नाव होते. त्याने गुरुजींकडे पाहिले, तर गुरुजींनीही मान खाली घातली होती.

"अनसूया," ती म्हणाली आणि रिकामे पेले उचलून आत गेली.

परतताना घाटाच्या पायरीवर गुरुजी दम खायला बसले. वसाहतीतून फोनवर फोन येत होते, विश्वंभरने एकही उचलला नाही. अखेर गुरुजींनीच विचारले, "आज सकाळी देवाची पूजा केलीस?"

"केली. रोजच करतो."

"कशाला? देव तर तुझाच आहे. तुझ्या पणजोबांपासून त्याच देवघरात बसला आहे. तो जातो कुठे?"

विश्वंभरने वाजणारा फोन बंद करून खिशात टाकला.

"तो आपला आहे, म्हणूनच त्याला रोज फूल वाहायचं," गुरुजी म्हणाले. "आपण स्वतःला परंपरेचे रक्षक म्हणवतो. अरे, जे आपलं आहे त्याची रोज विचारपूस करायची, याहून जुनी परंपरा कोणती? आपण नेमकी तीच मोडली आणि झेंडा तेवढा सांभाळला. लोक पक्ष सोडून गेले असं तू म्हणतोस. आधी आपण त्यांच्या दारी जायचं सोडलं. ते बिचारे आपल्यानंतर कितीतरी वर्षांनी गेले. आणि तुला दोष देऊन मी सुटत नाही. वहीतला पहिला ठिपका मी दिला आहे, माझ्या सख्ख्या थोरल्या भावाच्या घरापुढे. आता इथे जायला नको, म्हणून मला तेव्हा बरंच वाटलं होतं. त्यानंतर मी त्याच्या घरी गेलो ते एकदम त्याच्या तेराव्याला."

नदीकडे बघत विश्वंभरने विचारले, "आता सात दिवस आहेत. सगळ्या घरी गेलो तर वाचू का?"

"नाही," गुरुजी म्हणाले. "चाळीस वर्षांची पूजा सात दिवसांत होत नाही."

तरीही विश्वंभर गेला. कार्यकर्ते चिडले, वसाहतीतली मते हातची घालवली म्हणून दोघे-तिघे घरी बसले. सात दिवसांत तांबट आळी आणि तिच्या शेजारची एक गल्ली एवढेच त्याच्याने झाले. काहींनी मायेने बसवून घेतले, तर काहींनी हे वरातीमागून घोडे आहे असे तोंडावर सांगितले. दोघांचेही त्याने ऐकून घेतले.

निकाल लागला. विश्वंभर अकराशे मतांनी पडला. पलीकडच्यांचा गुलाल त्याच्या दारापर्यंत उडाला. संध्याकाळी कार्यालयात झाडून सारी चार माणसे जमली, आणि पक्षाचे या गावात संपले, असे त्यांतल्या सर्वांत वयस्क माणसाने मोठ्याने म्हटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपून विश्वंभरने ठिपके नसलेली ती वही काखेत मारली आणि तो एकटाच निघाला. त्यापुढच्या, जायच्या राहिलेल्या गल्लीतले पहिले घर दशरथ गिरणीवाल्याचे होते. दशरथ दळण टाकत होता. पराभूत उमेदवार दारात पाहून तो अवघडला.

"काल निकाल लागला ना?" त्याने गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून विचारले.

"लागला."

"मग आता काय काम काढलंत, वकीलसाहेब?" आणि मग मनात ठेवणे त्याला जमेना. "खोटं कशाला बोलू, यंदा मी तुम्हाला मत दिलेलं नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच."

"त्यासाठी नाही आलो," विश्वंभर म्हणाला. "मत मागायचं असतं तर मतदानाआधीच आलो असतो. तुमच्या घरी कोण कोण असतं, तेवढं विचारायला आलोय."

दशरथने गिरणी बंद केली, खांद्यावरच्या फडक्याने स्टुलावरचे पीठ झटकले आणि ते पुढे सरकवले.

"आई आहे," तो म्हणाला. "तिच्यापासून सांगतो. बसा."