पिकलेलं कारीट कुणाचं?

नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ. वेळ साडेपाच. ठिकाण, कुंभळवाडीच्या शाळेमागचा बांध. या बांधावरचं जुनं हिरवंगार कुंपण त्या दुपारी यंत्र लावून मुळासकट उपटलं गेलं होतं आणि त्याचा भलामोठा ढीग कडेला पडला होता.

ढिगापुढे नऊ वर्षांची सुरंगी उभी होती. हातातली परडी रिकामी.

या कुंपणावर दरवर्षी कारिटाचे वेल चढायचे. इवली इवली पिवळी फुलं यायची आणि फुलांमागून हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांची चिमुकली, गुळगुळीत फळं. चवीला अगदी कडूजहर! पण दिवाळीच्या पहाटे अंघोळ झाली की तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं. कारीट फुटलं की नरकासुर मेला. मगच फराळ.

सुरंगीची आई दुसऱ्यांच्या घरी फराळ करून द्यायची. स्वतःच्या घरी गुळाचे पोहे झाले की दिवाळी झाली. नवे कपडे नसायचे. आकाशकंदील जुनाच, ठिगळं लावलेला. पण कारिटं मात्र श्रीमंताच्या दारी फुटायची तशीच त्यांच्या दारी फुटायची, आणि त्या घराची त्यातही एक खास रीत होती. दादा, ताई आणि सुरंगीने ओळीत उभं राहायचं. टणक हिरवं कारीट थोरल्याचं, पिकून मऊ झालेलं पिवळं धाकटीचं, कारण तिचा अंगठा एवढुसा. दादा "गोविंदा!" म्हणून ओरडला की तिन्ही अंगठे एकदम खाली.

यंदा दादाला मिशी आली होती. तो शहरात हॉटेलात कामाला लागला होता आणि सुट्टी काढून घरी आला होता. ताई कॉलेजात जायला लागली होती.

"कारिटं कसली फोडायची आता?" सकाळी दादा म्हणाला होता. "मी काय लहान आहे?"

"आणि पाय चिकट होतात," ताई आरशातून नजर न काढता म्हणाली.

आई हळूच म्हणाली, "मिळालं तर एखादं आण गं सुरंगे. पुढच्या वर्षीपासून बंदच करू."

बंद! तो शब्द सुरंगीला कारिटाहून कडू लागला होता. आणि आता तर कुंपणच नव्हतं.

ती ढिगाभोवती फिरू लागली, तोच खालून बारीक, घुंगरासारखा आवाज आला.

"अगं ए! पाय देऊ नकोस. माझा पंख अडकलाय!"

सुरंगी वाकली. काटेरी फांद्यांखाली बोटभर उंचीची एक परी होती. पंख कारिटासारखे, हिरव्यावर पांढऱ्या रेघांचे. केसांत पिवळं फूल. झग्यावर दवाचे थेंब चांदण्यांसारखे लुकलुकत होते.

दिवस बुडत होता. कारिटं शोधायची तर आत्ताच. पण सुरंगीने परडी खाली ठेवली आणि एकेक काटेरी फांदी बाजूला ओढू लागली. हात ओरबाडले. शेवटी परी भुर्रकन वर उडाली आणि तिच्याभोवती हिरवा-सोनेरी उजेड सांडला.

"मी कारीटपरी," ती म्हणाली. "एक इच्छा माग. पण नियम आहेत हं! मोठं झालेल्याला लहान करता येणार नाही. कुणाच्या मनाला दोरी बांधून ओढता येणार नाही. आणि उजाडेपर्यंत माझ्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही."

सुरंगीचा चेहरा उतरला. "मला तेच मागायचं होतं. दादाला लहान कर, नाहीतर त्याला कारीट फोडावंसं वाटू दे."

"तेच तर नाही ना जमत, बाळे."

सुरंगीने उपटलेल्या वेलांकडे पाहिलं. "हे तुझं घर होतं?"

परीने मान हलवली.

"मग तुझं घर पुन्हा उगवू दे. माझं नियमात बसत नाही, तुझं तरी बसेल."

परी तिच्या ओरबाडलेल्या हाताजवळ उतरली. मग तिने ढिगातल्या एका वेलीला स्पर्श केला. पानांआडून तीन कारिटं चमकली. दोन पिवळी, एक हिरवं.

"माझं घर बीतून उगवतं. ही तीन ने. तीन वेगळ्या माणसांच्या पायांनी, एका हाकेला फुटली तरच बी रुजेल. नाहीतर उजाडताच मी विझेन."

पहाटे अंगणात पणत्या लुकलुकत होत्या. उटण्याचा वास दरवळत होता. सुरंगीने तुळशीपुढे तीन कारिटं ओळीत मांडली आणि श्वास रोखून उभी राहिली. आत पंचा गुंडाळून दादा पुन्हा अंथरुणाकडे निघाला होता.

"दादा, ये ना. ताई, तूपण."

"तू फोड गं. आम्ही बघतो," दादा जांभई देत दारापर्यंत आला. मग थबकला. "हे काय? पिकलेलं माझ्या जागेवर? आणि हिरवं तुझ्या?"

"तुझी सवय मोडली ना," सुरंगी काळजीने म्हणाली. "टणक फुटायचं नाही तुला. लागेल. म्हणून मऊ ठेवलं."

ताई फिस्सकन हसली. "बरोबरच आहे! बूट घालून नाजूक झालेत पाय साहेबांचे."

"नाजूक? माझे?" दादा पायऱ्या उतरला. "आण इकडे ते हिरवं!"

हिरवं उचलून तो सुरंगीच्या हातावर पिवळं ठेवायला गेला आणि तसाच थांबला. तळहातभर ओरखडे.

"हे कशाने?"

"कुंपण तोडलं रे. ढिगातून काढली."

दादाने तिचा तळहात पणतीच्या उजेडात धरला. "मी आणायचो तेव्हा मला सांगायचीस, काटा लागू देऊ नकोस." मग तो ताईकडे वळून ओरडला, "सुनंदे! येतेस की पाय चिकट होतील?"

"मी काय मागे राहते होय!" ताईने परकर खोचला.

"गोविंदाऽऽ!"

फट्! तिन्ही एकदम.

रीतीप्रमाणे तिघांनी कडू रस जिभेला लावला, तिघांनी तोंडं वाकडी केली आणि तिघं खदखदून हसली. दारात पदराने डोळे पुसत आई म्हणाली, "हसताय काय? पोहे निवतायत!" पण तीही जागची हलली नाही.

तेवढ्यात तुळशीवर हिरवा-सोनेरी उजेड फुलला. त्यात रेघारेघांचे दोन चिमुकले पंख सुरंगीला स्पष्ट दिसले. "रुजलं!" घुंगरू वाजलं. उजेड मोठा झाला, अंगणभर पसरला आणि उगवत्या सूर्यात मिसळून गेला.

सुरंगीने बिया न्हाणीच्या कडेला पुरल्या. पावसाळ्यात तिथून वेल वर आली. त्याला बरीच वर्षं झाली. आता दादाला मुलगी आहे, ताई सासरी आहे, सुरंगी शिकायला दूर आहे. तरी दर दिवाळीच्या पहाटे सगळी अंगणात असतात आणि जितकी माणसं, तितकीच कारिटं वेलीला लागतात. पिकलेलं दादाच्या मुलीचं.

शाळेमागचा बांध मात्र अजून उघडा आहे. वाडीतला प्रत्येक मोठा माणूस लहानपणी तिथूनच कारिटं नेत होता. ते कुंपण कुणाच्या सांगण्यावरून तोडलं, हे त्यांच्यापैकी एकानेही अजून सांगितलेलं नाही.