मागच्या टायरचा संशय

विजेवर चालणाऱ्या गाड्या रस्त्यावर नव्यानेच दिसू लागल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. अशाच एका वेगवान गाडीचे मागचे दोन टायर वर्षभरातच गुळगुळीत झाले. पुढचे दोन अजून धडधाकट होते. मागच्यांपैकी उजव्याला संशय आला.

"तुम्ही अंग चोरता," तो पुढच्यांना म्हणाला.

"गाडी वळवतो आम्ही, थांबवतोही आम्हीच. अंग कधी चोरणार?" पुढचे म्हणाले.

त्याला ते पटलं नाही. त्याने त्यांच्याशी बोलणंच सोडलं. मग त्याने खडीवर संशय घेतला, कारण ती करकरायची. ब्रेकवर घेतला, कारण तो किंचाळायचा. त्याच्या शेजारीच बसवलेली गाडीची विजेची मोटर अगदी शांत असायची, म्हणून तिच्याविषयी त्याच्या मनात कधी काही आलं नाही.

एके दिवशी गाडीची मालकीण मृणाल टायरच्या दुकानात आली. दुकानदार इस्माईलभाईंनी मागच्या टायरवरून बोट फिरवलं.

"ताई, सिग्नल सुटला की गाडी एकदम पळवता ना?"

"हो, पण आवाजसुद्धा होत नाही."

"म्हणून तर कळत नाही. मोटरचा सगळा जोर पहिल्याच क्षणी मागच्या चाकांवर येतो. टायर तिथेच घासतात."

टायरने मोटरकडे पाहिलं. "म्हणजे तू होतीस?"

"मीच," मोटर हळूच म्हणाली. "तू बाकी सगळ्यांवर संशय घेतलास. मला कधी विचारलंच नाहीस."

पुढच्या दोघांशी दोन शब्द बोलावेत, असं टायरला फार वाटलं. पण तोवर इस्माईलभाईंनी त्याला काढून भिंतीला टेकवलं होतं, आणि गाडी निघूनही गेली होती.