कपारीतली रिकामी घरं

त्या राज्याला काचेच्या चार भिंती होत्या आणि भिंतींपलीकडे काय आहे याची चौकशी कोणी करत नसे. उजेड वरून येई, ठरल्या वेळी येई. अन्नही वरूनच पडे. कधीमधी वरून एक हात येई. तो कोणाला आणून सोडी, कोणाला उचलून नेई, आणि त्याने असं का केलं यावर राज्यात पुढे बरेच दिवस बोलणं चाले. जागा मोजकी होती. म्हणून जो तो आपण इथले मूळचे असं सांगत असे.

गुणाक्का गोगलगाय हे सर्वांत ठासून सांगे. तिचा शंख तिने स्वतः घडवला होता. पाण्यातला चुना कणाकणाने अंगात घ्यायचा आणि शंखाच्या कडेला त्याचा पातळ थर चढवायचा, हे ती जन्मापासून करत आली होती. वाईट दिवसांचे थर बारीक होते, बऱ्या दिवसांचे जरा रुंद. ती रोज चारही भिंतींवरचं शेवाळ खरवडून काढी. पण स्वच्छ काचेकडे कोणी पाहत नाही, काचेतून पलीकडे पाहतात. त्यामुळे तिच्या कामाबद्दल कोणी कधी काही बोललं नव्हतं. एक बकुळा तेवढी तिला मानत असे. बकुळा ही वयाने लहान गोगलगाय. ती अक्काच्या मागोमाग सरकत राही आणि अक्काने मुद्दाम सोडलेलं कोवळं शेवाळ खाई.

एके दिवशी हाताने भिवाला आणून सोडलं. भिवा खेकडा होता, पण त्याला स्वतःचं कवच अर्ध्या अंगालाच होतं. मागचा भाग तो कोणाच्या तरी शंखात घालून फिरे. त्याच्यासोबत हाताने सात-आठ रिकामे शंखही वाळूवर टाकले.

"दुसऱ्याच्या घरात राहणारे लोक," शेंदरी मासोळी म्हणाली. ती स्वतः एका समुद्रफुलाच्या कुशीत राहत होती, पण ते तिच्या लक्षात आलं नाही.

भिवा मात्र कामाला लागला. दगडांखाली, जिथे कोणाचं तोंड पोहोचत नव्हतं, तिथलं कुजकं अन्न त्याने वेचून खाल्लं. पाण्याचा वास गेला. चालताना त्याचा धक्का लागून दोन कोवळी प्रवाळं उलथली, त्यावरून कुरबूर झाली. त्याने माफी मागितली आणि लोक विसरले. मग तो पांढरा शंख टाकून तपकिरी ठिपक्यांच्या शंखात गेला, आणि राज्यातला सर्वांत वयस्कर रहिवासी, जुनं प्रवाळ, म्हणालं, "भिवा, नवं घर शोभतं हो तुला."

गुणाक्का तेव्हा काचेवर होती. तिने ते ऐकलं आणि तिचं खरवडणं थांबलं. इतक्या वर्षांत तिच्या शंखाला कोणी शोभतो म्हटलं नव्हतं.

घर बदलतानाचा तो क्षणही तिने पाहिला होता. एका शंखातून दुसऱ्यात जाताना भिवा पापणी लवेपर्यंत उघडा पडला. मऊ, गुलाबी, वाकडं अंग. असं अंग असूनही हा हसतो, चारचौघांत वावरतो, घर लहान झालं की सोडून देतो. आपल्याला आपलं घर सोडताच येणार नाही, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं आणि ते डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवसापासून तिने एक काम हाती घेतलं. वाळूवरचे रिकामे शंख ती एकेक करून ढकलत मागच्या कपारीत नेऊ लागली. त्याचं वाईट व्हावं असं तिच्या मनात नव्हतं. एकाच घरात आयुष्य काढणं काय असतं ते त्यालाही कळावं, एवढंच. सगळे शंख आत गेल्यावर ती कपारीच्या तोंडाशी बसली.

भिवा वाढत होता. महिन्याभरात त्याचं अंग घरातून बाहेर येऊ लागलं.

"अक्का," तो एकदा तिच्याजवळ आला, "पाठ आखडलीय. पाय आत घेता येत नाहीत. कुठे रिकामं घर दिसलं का हो?"

"नाही बाबा."

"तुमच्यामागे कपार आहे, तिथे काही..."

"इथे मी राहते," गुणाक्का म्हणाली.

तो परतला. संध्याकाळी बकुळा आली. "अक्का, भिवाला घर मिळत नाही म्हणे. तुम्ही एवढ्या फिरलेल्या, सांगा ना त्याला."

"मिळेल त्याला. त्याच्यासारख्यांना सगळं मिळतं."

अक्का आज रागात आहे एवढं बकुळाला कळलं.

दोन दिवसांनी बकुळाचा शंख वाळूवरून येताना दिसला. गुणाक्काने हाक मारली, "बकुळे, उशीर केलास आज." शंख थांबला. त्याखालून पाय बाहेर आले, मग दोन डोळे. ते भिवाचे होते.

राज्य कपारीसमोर जमलं. भिवा काही लपवत नव्हता. "अंग चिरडत होतं," तो म्हणाला. "ती उलटी पडलेली दिसली. सरळ करायला म्हणूनच गेलो होतो, पण तिला ओढून काढलं आणि आत शिरलो."

"रिकामं घर कुठेच नव्हतं?" जुन्या प्रवाळाने विचारलं.

"सगळीकडे शोधलं, आजोबा."

सगळ्यांच्या नजरा गुणाक्काकडे वळल्या. "अक्का, तुम्ही सगळं राज्य फिरलेल्या आहात. तुम्ही सांगा."

तिच्या पाठीमागे, अगदी अंगाला लागून, सात-आठ घरं होती.

"नव्हतं," ती म्हणाली.

दुपारी हात आला आणि भिवाला बकुळाच्या शंखासकट उचलून घेऊन गेला. शेंदरी जवळ येऊन म्हणाली, "अक्का, तुम्हाला पहिल्यापासून तो खटकत होता. तुमची नजर मोठी." जुन्या प्रवाळानेही मान दिला. लोक मुद्दाम कपारीशी येऊन तिची विचारपूस करू लागले. हेच ऐकायला ती किती वर्षं झुरली होती. आता ते ऐकताना तिचं लक्ष सारखं मागे जाई, जिथे बकुळा असायची.

तिला जागा सोडता येईना. ती हलली असती तर प्रवाहाबरोबर शंख घरंगळत बाहेर आले असते, सगळ्यांसमोर. म्हणून ती बसून राहिली. काचा हिरव्या झाल्या. दगडांखाली पुन्हा घाण साचली. पोट भरेल इतकं शेवाळ कपारीच्या तोंडाशी नव्हतं, तरी ती बसून राहिली. तिच्या शंखावर गुलाबी खरबरीत थर चढला, मग तो पसरून दगडाला भिडला, आणि शंख कुठे संपतो, दगड कुठे सुरू होतो ते सांगता येईना. लोकांचं येणं हळूहळू थांबलं. तिने अंग आत ओढून घेतलं आणि शंखाच्या तोंडाचं झाकण लावलं.

पाण्याला वास येऊ लागल्यावर हाताने नवे खेकडे आणून सोडले. तीन होते, अगदी लहान. या वेळी सोबत रिकामे शंख टाकायचं राहून गेलं.

त्यातला एक वाढला. फिरत फिरत तो कपारीशी आला आणि गुणाक्कासमोर थांबला. त्याने नांगीने तिच्या शंखाच्या तोंडाचा घेर मोजला, कडेवरून एकदा ती फिरवली, बारीक थर, रुंद थर, पुन्हा बारीक. मग अदबीने झाकणावर टकटक केलं.

"आत कोणी राहतं का?" त्याने विचारलं.