पाचऱ्या कोंडिबाची भट्टी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, असं मातवड्यात कुणालाही विचारा, तो नदीकडे हात करून म्हणेल, "तेव्हा ती त्या चिंचेच्या पल्याडनं वाहायची." आता नदी चिंचेच्या अल्याड आहे. म्हणजे काढा हिशेब.

मातवडं हे कुंभारांचं गाव. काठची माती अशी गुणाची, की घागर करा, कौल करा, वीट करा, ती नाही म्हणायची नाही. मातवड्याची वीट दहा गावांत जायची. आणि त्याच गावात कोंडिबा कुंभार राहायचा, ज्याची एक वीट कधी वेशीबाहेर गेली नव्हती.

कारण साधं होतं. लहानपणी जांभळावरून पडून त्याचा डावा हात अधू झालेला. साच्यात चिखल भरला, की उजवा हात दाबून बसवायचा आणि डावा नुसता सोबतीला असायचा. त्यामुळे वीट एका अंगाला दबलेली आणि दुसऱ्या अंगाला फुगलेली उतरायची, लाकूड फोडायच्या पाचरीसारखी. म्हणून गाव त्याला पाचऱ्या म्हणे. तोंडावर म्हणे. तोही हसे, कारण दुसरं काय करणार?

त्या विटांचा परसात ढीग लागला होता. ढिगावर दुधी भोपळ्याचा वेल चढला, तेव्हा त्याची बायको मैना म्हणाली, "चला, एक तरी गिऱ्हाईक आलं."

एका वैशाखात शेजारच्या गावाने देवळाच्या आवारभिंतीसाठी मातवड्याच्या विटा मागितल्या. अख्ख्या कुंभारआळीचा माल गाड्यांत भरला गेला आणि घाईत कोंडिबाच्याही शंभरेक विटा चढल्या. गवंड्याने भिंत कमरेएवढी उचलली आणि भिंत हळूच पुढे वाकली.

"देवळाची भिंत हाय, नमस्कार घालतीय," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. आळीचा म्होरक्या म्हादबा मात्र हसला नाही. त्याने कोंडिबाला सगळ्यांसमोर बोलावलं.

"कोंडिबा, तुझ्या बापाकडं बघून आजवर गप ऱ्हायलो. पर आता आळीचं नाव जातंय. यंदा खंडेनवमीला तुझा साचा पाराव मांडायचा न्हाई."

बाहेरच्या माणसाला यात काही मोठं वाटणार नाही. पण मातवड्यात खंडेनवमीला घरोघरची चाकं, थापटण्या आणि साचे मारुतीच्या पारावर एका रांगेत मांडून पूजा व्हायची. ज्याचा साचा रांगेत नाही, तो कुंभार नाही. कोंडिबाचा साचा सागाचा होता, आज्याच्या हातचा, बापाच्या हाताने कडा गुळगुळीत झालेला. तो रांगेत नसणं म्हणजे तीन पिढ्या पुसल्यासारखं होतं. त्या दिवशी कोंडिबाला हसता आलं नाही.

तो घरी येऊन ढिगापाशी बसला. मैना बंदरावरची लेक. तिचा बाप तिथे मडकी विकायचा. ती नवऱ्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "अहो, आमच्या बंदरावर पाववाल्याच्या परसात एक भट्टी होती. मोठी घागर उपडी घालावी आणि तिला दार पाडावं, तशी. आत लाकडं जाळायची, निखारे बाहेर ओढायचे आणि तापल्या पोटात पाव सारायचे."

"मग?"

"मग काय? बांधा की! हात भिंतीचा नसंल, घागरीचा तर हाय ना?"

कोंडिबाने बांधायला घेतली. पण माणसाची गंमत बघा. घरात विटांचा डोंगर पडलेला, आणि हा गडी शेजाऱ्याकडे सरळ विटा मागायला गेला. आपल्या मालाची लाज वाटू लागली, की माणूस दुसऱ्याच्या दुकानात उभा राहतो. त्याने परसात ओल्या वाळूचा गोल ढिगारा रचला, त्यावर सरळ विटांचे थर चढवले, आणि वाळल्यावर तोंडातून वाळू उपसून काढली. भट्टी दुपारपर्यंत उभी राहिली आणि जेवणं झाल्यावर खाली बसली.

दुसऱ्यांदा बांधली. या वेळी जेवण होईपर्यंतही थांबली नाही.

झालं होतं असं, की सरळ विटा गोलाव्यावर बसवल्या, की वरच्या अंगाला दोन विटांत फट पडायची. ती तो चिखलाने बुजवायचा. चिखल वाळला, की आकसायचा, आणि विटा एकमेकींचा हात सोडायच्या. कुंपणापलीकडे बघे जमले होते. एकाने विचारलं, "पाचऱ्या, आता तिसरी कवा पाडणार? न्हाई, सांग म्हंजे जेवून येतो."

तिसऱ्यांदा बांधायला सरळ वीट उरली नव्हती. कोंडिबा कपाळाला हात लावून बसला. मैना उठली, भोपळ्याचा वेल बाजूला सारून तिने ढिगातली एक वीट काढली आणि वाळूवर ठेवली, जाड अंग बाहेर आणि बारीक अंग आत. शेजारी दुसरी ठेवली. मग तिसरी.

फट नव्हती. वाळूवर एक थर असा वळला, जशी घागरीची कड वळते.

कोंडिबा पुढे सरकला. त्याने एका विटेवरून बोट फिरवलं, मग दुसरीवरून. जन्मभर ज्या विटा भिंतीत बसल्या नाहीत, त्या सगळ्या जणू या एका कामासाठीच त्याच्या हातून उतरल्या होत्या. त्याने धोतर खोचलं आणि तीन दिवसांत घुमट मिटवला. शेवटच्या फटीत शेवटची वीट अशी बसली, की हातोडी लागली नाही, असं म्हणतात.

वाळू काढायच्या दिवशी अख्खं गाव कुंपणाशी होतं. कोंडिबा एकेक ओंजळ बाहेर टाकत होता. शेवटची ओंजळ पडली, आणि तेवढ्यात कुणाची तरी शेळी उडी मारून थेट घुमटावर चढली. शेळीने भोपळ्याचं पान खाल्लं, चारी बाजूंना बघितलं आणि ती सावकाश उतरली. भट्टी जागची हलली नाही. कुणी म्हणतात, ती शेळी नव्हती, गावचा वळू होता. गोष्ट जुनी होते तसं जनावर मोठं होतं, त्याला इलाज नाही.

मग एकवीस दिवस मैनेने भट्टीत फक्त मूठभर काटक्यांचा विस्तव ठेवला. म्हादबा येताजाता खोचक विचारी, "काय भाजताय गं, मुंग्या?"

"न्हाई मामा, आधी भट्टीलाच भाजतोय. कच्च्या मडक्यात पाणी घालायचं नसतं, ते तुम्हीच शिकवलंय आळीला."

बाविसाव्या दिवशी पहिला रोट भाजून निघाला. त्याचा वास नदीपलीकडे गेला आणि पलीकडचा नावाडी गिऱ्हाईक नसताना नाव घेऊन आला, असं म्हणतात.

आणि भादव्यात झड लागली. साधीसुधी नाही. अकरा दिवस आभाळाने तोंड मिटलं नाही. नदी आळीत शिरली, चुली विझल्या, सरपण भिजलं. त्या काळी काडीपेटी कुठली? चूल विझली, की शेजारून विस्तव आणायचा. पण शेजारीही विझलेला, आणि त्याचा शेजारीही. मातवड्यात एकच विस्तव उरला. तो टेकाडावर, कोंडिबाच्या परसात, वाकड्या विटांच्या पोटात होता.

लोक पाटावर पीठ मळून, वर इरलं धरून येऊ लागले. मैना रोट आत सारी, कोंडिबा बाहेर काढी. ज्याने "तिसरी कवा पाडणार" विचारलं होतं, त्याला मैनेने सगळ्यांत मोठा रोट दिला आणि म्हणाली, "घ्या भावजी, जेवून या." एका मोळीवर भट्टी नऊ दिवस तापलेली राहिली, असं म्हणतात. अख्खं गाव जेवलं आणि निखारे होते तेवढेच राहिले, असंही म्हणतात.

सगळ्यांत शेवटी म्हादबा आला. रिकामं खापर पुढे धरून तो पागोळीखाली उभा राहिला.

"सून बाळंत झालीय," तो म्हणाला. "शेकायला घरात विस्तव न्हाई."

कोंडिबाने खापर भरून दिलं. वाटेत विझू नये म्हणून वर राख पसरली. साच्याबद्दल तो एक शब्द बोलला नाही. जाताना म्हादबाने घुमटावर तळहात ठेवला आणि जरा जास्तच वेळ ठेवला.

खंडेनवमी उजाडली. पारावर रांग लागली. कोंडिबा घरीच होता, साचा खुंटीला. इतक्यात म्हादबा दारात आला.

"चल. रांग अडलीय."

"माझा साचा मांडायचा न्हाई ना, तात्या?"

"मांडायचा न्हाई, असं म्या म्हनलो व्हतो. म्या! त्या भिंतीवानी मीबी वाकतो आता, मग येशील का?"

"वाकू नका मामा," मैना आतून म्हणाली, "तुम्हाला उचलायला गडी आणावा लागंल. साचा येईल. पर त्याच्यासंगं एक वीटबी येईल."

साचा रांगेत पहिला मांडला गेला आणि त्याच्यावर ती वाकडी वीट. ती डगमगू लागली, तेव्हा म्हादबाने स्वतः शोधून तिच्याखाली खडा लावला.

कोंडिबा कधी गेला, कुणाला ठाऊक नाही. भट्टीच्या धुरातून तो सरळ वर गेला, असं म्हणतात. पण ती भट्टी अजून आहे. दिवाळीआधी मातवड्याच्या बाया रवा, तूप, साखर घेऊन तिथे नानकटाई भाजायला बसतात आणि पहिली नानकटाई भट्टीच्या तोंडाशी ठेवतात, मैनेच्या नावाची. कुणाचं काही बिघडलं, कुणाला काही जमेना, तर मोठी माणसं म्हणतात, "टाकू नको, परसात ठेव. कोंडिबा लावील कामाला."

आणि दर खंडेनवमीला मातवड्यातला प्रत्येक जण, कुंभार असो की नसो, एक वीट पाडतो. नुसत्या डाव्या हाताने. त्याच विटांनी भट्टीची वर्षाची डागडुजी होते. त्या दिवशी वीट जितकी वाकडी, तितकी तिची जागा वरची. आणि एखाद्याची चुकून सरळ आलीच, तर सगळं गाव मिळून त्याला हसतं.