सड्यावरचा चकवा

“मग चकवा हा शब्द आला तरी कुठून, बुवा?”

गिरजूबुवा मठाच्या अंगणात सुपारी कातरत बसले होते. मान वर न करता म्हणाले, “शब्दांचा पंडित तू. तूच सांग.”

अच्युताला तेवढंच हवं होतं. बुवांकडे येण्याआधी तो काशीत व्याकरण शिकला होता, आणि ते कुणाला विसरू देत नव्हता.

“कुणी त्याचं नातं चक्राशी लावतात, कुणी चुकण्याशी. मतलब एकच, फसवणूक. चोर पहारेकऱ्याला चकवा देतो. सड्यावर वाटसरूला चकवा लागतो, आणि चालून चालून तो पुन्हा त्याच जागी येतो.”

“चोर दिसतो तरी. सड्यावरचा चकवा कुणी पाहिलाय?”

“कुणीच नाही.”

“तुला लागला म्हणे.”

अच्युताचा चेहरा उतरला.

सड्याच्या, त्या उघड्या कातळाच्या पलीकडे त्याच्या थोरल्या भावाची वाडी. वडील गेले तेव्हा अच्युत काशीहून आला नाही, तेव्हापासून दोघांत अबोला. आता भाऊ अंथरुणाला खिळला होता, वैद्यांनी हात टेकले होते. त्यानंच निरोप धाडला होता, एकदा येऊन जा. अच्युत काल निघाला आणि दिवेलागणीला मठातच परतला. आजही तेच, ऊन कलायच्या आतच.

“लहानपणापासूनची वाट आहे, बुवा. मी चुकणं शक्य नाही. भर दुपारी, लख्ख उन्हात... चकवाच तो!”

“कुठे लागला?”

“वाकड्या जांभळीपाशी.”

“कालही?”

“कालही.”

“तिथून काय दिसतं रे?”

अडकित्ता थांबला.

“घर...” अच्युत म्हणाला. “पडवीत दादाची बाज दिसते.”

बुवांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

“लोक यावर उपाय काय करतात?”

“अंगातला सदरा उलटा करून घालतात. मग म्हणे चकवा माणसाला ओळखत नाही.” अच्युत हसला. “अडाण्यांची समजूत!”

“घाल.”

“मी?... बुवा, वाडीत लोक हसतील.”

“घाल.”

अच्युतानं काशीचा सदरा काढला, उलटा केला, घातला. शिवणी, लोंबते दोरे, काखेतलं ठिगळ, सगळं बाहेर आलं. त्याला रडूच फुटायचं बाकी होतं. वडिलांच्या वेळी आपण का आलो नाही, हेच दादा विचारणार होता.

“असा जाऊ त्याच्यासमोर?”

बुवांनी पुन्हा अडकित्ता उचलला.

“चकवा तुला ओळखायचा नाही,” ते म्हणाले. “दादा ओळखेल. ऊठ.”