रखमाजी शिंप्याच्या चौकटी

वेळ दुपारी तीनची, महिना श्रावण. ठिकाण कुसवडे गावचा पार. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता, आणि नदीचं पाणी पाराच्या पायऱ्या चढत होतं.

फार वर्षं झाली त्याला. धरणाचं पाणी दिवाळीनंतर चढेल, असं गावाला सांगितलेलं होतं. माणसं हाताला लागेल ते घेऊन माळावर पळाली. रखमाजी शिंप्यानं एका हातात आईचा हात धरला आणि दुसऱ्या हातात करवत. शिलाईचं मशीन तिथंच राहिलं. सुतारकाम हा त्याचा नुसता नाद, मग असं का केलं, हे त्यालाही कधी उमगलं नाही.

माळावर पत्र्याच्या खोल्या मिळाल्या. त्याची आई तान्हाबाई मात्र बाहेरच बसली, पावसात.

"आये, आत चल."

"ह्या पत्र्याला मी घर म्हणत न्हाई. आपली चौकट आण, मग येते."

रखमाजी रोज काठावर जाई. मोडक्या घरांच्या चौकटी तरंगत येत. सगळ्या सारख्याच काळ्या पडलेल्या. गळ्यातल्या टेपनं तो माप घेई, ओढत आईपुढं आणी. "ही न्हवं," ती म्हणे. मग तो ती चौकट कुणाच्या तरी परसात रोवून तिच्यावर दोडक्याचा वेल चढवून देई. ज्याची त्याला दिली, असं त्याला वाटे. एकही बरोबर गेली नव्हती.

गावातल्या सारजाची चौकट गेली गोदूबाईच्या परसात. गोदूबाईनं ती ओळखली, पण सांगणार कशी? दोघींत बोलणं नव्हतं. सारजा तापानं पडली, तेव्हा दार ठोठावावं तशी ती चौकट वाजू लागली, असं म्हणतात. गोदूबाई तणतणत गेली.

"तुझी चौकट मला जेवू देईना. काय झालंय तुला?"

आणि कपाळावर हात ठेवून तिथंच बसली. पुढं घरोघरच्या चौकटी वाजू लागल्या. कोण कुणाकडं धावतंय, काही कळेना.

रखमाजीची चौकट सापडलीच नाही. शेवटी त्यानं साऱ्यांच्या चौकटी रोवताना कापून उरलेल्या तुकड्यांची एक जोडली आणि खोलीपुढं उभी केली. आईनं हात फिरवला.

"हा गुरवाचा तुकडा. हा सारजाचा. आपला कुठाय?"

"न्हाई गावला."

तिनं मान वर करून चौकटीची उंची पाहिली. मग म्हणाली, "ठेंगणी केलीस. वाकावं लागंल." आणि वाकून आत गेली. त्याच दिवशी त्या वाळल्या लाकडाला पालवी फुटली, असं म्हणतात.

अजूनही नव्या कुसवड्यात पहिला दोडका कुणी आपल्या घरी शिजवत नाही. ज्याची चौकट, त्याच्या घरी तो रखमाजीच्या नावानं जातो.

पुढं एका दुष्काळात धरण आटलं, जुनं गाव चिखलातून वर आलं. सगळी घरं बिनदाराची. एकट्या रखमाजीची चौकट जागच्या जागी उभी होती. ती कधी वाहिलीच नव्हती.

पाणी दिवाळीनंतर यायचं होतं. ते श्रावणात कोणी चढवलं, याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.