काकूंकडे अडकलेला डबा

भांडी चालतीबोलती होती, तेव्हाची ही गोष्ट. मालूताईंचा डबा झाकण घरीच ठेवून, अळूवड्या घेऊन शेजारच्या विमलकाकूंकडे गेला आणि तिथेच अडकला. शेजारणीचा डबा रिकामा कसा परत करायचा? आणि काकूंना तर मनासारखं काही जमेना.

"तिकडे घरी तुझं झाकण दह्याच्या पातेल्यावर बसायला लागलंय," मांजरीने बातमी आणली.

डबा कासावीस झाला. "काकू, पाठवा हो मला."

"थांब रे, बासुंदी करपली. आता चिरोटे करते."

चिरोटे तुपात विरघळले. शेवटी डबा साखरेच्या बरणीला म्हणाला, "अक्का, चिमूटभर साखर घाल गं." तिने घातली, तसा तो टणटणत घरी पळाला.

मालूताईंनी साखर कौतुकाने चहात टाकली. "बरं झालं आलास. उद्या काकूंकडे पुरणपोळ्या पाठवायच्यात."

डब्याने झाकणाला घट्ट मिठी मारली. ते अजून कुणालाच उघडत नाही.